कुत्रं गेल्यावर तुमच्या घरी चूल पेटली होती का?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहायलोय आणि कारण चांगलं नाही. मागच्या मंगळवारी आमचा खंड्या गेला.

तेरा वर्षं होता घरात. बाबांनी त्याला कडब्याच्या बनमीखालून, म्हणजे गंजीखालून, उचलून आणला तेव्हा नुकतेच डोळे उघडले होते, त्याची माय ट्रॅक्टरखाली सापडली होती. आईनं कापसाची वात दुधात बुडवून बुडवून त्याला जगवला. बाबा २०१९ ला गेले, मी चाकणला कंपनीत, बहीण नांदेडला दिलेली, म्हणजे औसा तालुक्यातल्या त्या जुन्या घरात आई आणि तो दोघंच. रात्री आईनं टीव्ही बंद केला की हा आधी उठायचा, पुढच्या दाराला नाक लावून कडी लागली का बघायचा, मग परसातल्या दाराला, आणि मग आईच्या खोलीच्या उंबऱ्यात आडवा पडायचा. शेवटच्या वर्षात मागचे पाय लटके पडले तरी ही फेरी सोडली नाही, भिंतीला अंग टेकवून घासत घासत जायचा. त्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला त्याच्या अंगाचा तेलकट पट्टा उमटलाय. परवा मी तो ओल्या फडक्यानं पुसायला गेलो तर आईनं हात धरला.

गेला तेव्हा आईनं त्याला बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलं, चुलतभावानं शेतात लिंबाखाली खड्डा केला. त्या संध्याकाळी आईनं चूल पेटवली नाही. शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, कडू घास हाय, दोन घास खा. पण गल्लीतल्याच दोघीतिघी दुसऱ्या दिवशी नळावर हसल्या, कुत्र्याचं सुतक धरलंय म्हणून. तेव्हापासून आई रोज फोनवर एकच विचारायली, "मी चुकले का रं?"

मी तिला नाही म्हणून सांगतोच. पण मला तुमच्याकडून ऐकायचंय. तुमच्याकडं कधी असं झालंय का?

उंडे_भज्जी

नव्हती पेटली. आईला सांगा, एकट्या नाहीत तुम्ही.

गोदाकाठची

वाचून डोळ्यात पाणी आलं. तो भिंतीवरचा पट्टा पुसू नका हो दादा. आमच्या गंगाखेडच्या घरी मोती गेला तेव्हा माझ्या सासूबाईंनी, ज्या त्याला आयुष्यभर "मेल्या, हो तिकडं" म्हणत होत्या, त्यांनी दोन दिवस चहासुद्धा घेतला नाही. विचारलं तर म्हणायच्या, ॲसिडिटी झालीय. सकाळी चहाची बशी आधी त्याला थोडी सांडायची आणि मग आपण प्यायची हे त्यांचं पंधरा वर्षं चाललेलं, आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं, तो गेल्यावर कळलं.

परभणीचा

खंड्याला आदरांजली. जगात जर्मनी, भारतात परभणी, तसं जगात जर्मन शेफर्ड आणि परभणीत आमचा काळू. अस्सल गावठी. काळूला आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या गाडीचा आवाज कळतो. दादाची बुलेट चौकात वळली की शेपूट सुरू, बँकेच्या वसुलीवाल्याची बुलेट आली की कान मागं. दोन्ही बुलेटच!

स्पष्ट_बोलतो

मला वाईट वाटलं तुमच्या आईचं, ते खरं. पण एक बाजू मांडतो, राग मानू नका. माझ्या भावाच्या पोराला, सहा वर्षांचं लेकरू, शाळेतून येताना चार कुत्र्यांनी धरलं. मांडीचा लचका. तालुक्याच्या दवाखान्यात गेलो तर एक इंजेक्शन होतं, दुसरं नव्हतं, रात्री अकराला जीप करून जिल्ह्याला पळालो. ते लेकरू अजून झोपेत दचकतं. त्यामुळं कुत्र्याला माणसाच्या पंगतीला बसवायचं, त्याचं सुतक धरायचं, हे मला पटत नाही. माणसाचं माणसाला, जनावराचं जनावराला.

गोदाकाठची

@स्पष्ट_बोलतो, लेकराचं वाचून काळजात धस्स झालं. पण दादा, त्या माउलीनं कुठं कुणाला पंगतीला बसवलंय? एक वेळ स्वतः उपाशी राहिली ती.

जनावरांचा_डॉक्टर

मी हिंगोली जिल्ह्यात पशुवैद्य आहे. मूळ प्रश्नावर नंतर येतो, आधी @स्पष्ट_बोलतो यांच्या मुद्द्यावर, कारण हे सगळ्यांनी वाचायला पाहिजे.

कुत्रं चावलं की पहिलं काम म्हणजे जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. त्याच दिवशी लस सुरू. दंडात घेतली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत घेतली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेच्या आजूबाजूला सीरम, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं, द्यावंच लागतं, तुम्ही रात्री जिल्ह्याला पळालात ते बहुतेक त्याचसाठी, आणि बरोबर केलंत. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचत नाही म्हणूनच समजा, त्यामुळं "घरचंच कुत्रं हाय" म्हणून टाळू नका.

आणि तुमचा राग मला समजतो. माझ्याकडं येणाऱ्या मोकाट कुत्र्यांत निम्म्यांच्या गळ्यात जुन्या पट्ट्याची खूण असते. कुणीतरी आणलेलं असतं, कुणीतरी सोडलेलं असतं.

स्पष्ट_बोलतो

हो डॉक्टर, सीरमच नव्हतं. आणि त्या चारातल्या एकाच्या गळ्यात पट्टा होता.

बालाघाटी

केज तालुका. आम्ही ऊसतोडवाले. माझ्या आईबापाचा कोयता तीस वर्षं सांगली-कोल्हापूरकडं चालला, मी आणि माझी बहीण कोपीतच, म्हणजे पाचटाच्या झोपडीतच, वाढलो. आता मी शिक्षक आहे, पण कुत्र्याचा विषय निघाला की मला फडच दिसतो.

आमची पिवळी कुत्री होती, सोनी. दसरा झाला की बैलगाडी निघायची, वर भांडीकुंडी, कोंबड्या, आम्ही लेकरं, आणि गाडीच्या खाली सावलीत, दोन चाकांच्या मधी सोनी चालायची. दिवसभर. बांधलेली नसायची. पहाटे चारला आईबाप फडात गेले की पाठची बहीण झोळीत आणि झोळीखाली सोनी. उसाच्या फडात साप, कोल्हं, काय काय असतंय. एकदा तर बिबट्यानं शेजारच्या कोपीवरची शेळी नेली. आई वाढ्याचे भारे बांधता बांधता मधूनच सोनीला हाक मारायची आणि सोनी तिकडून एकदा भुंकायची, म्हणजे लेकरू बरं हाय. हा त्यांचा फोन होता.

मी चौथीत असताना कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, त्या साली बैल विकलेले म्हणून मुकादमानं ट्रक केला, तीन टोळ्या एका ट्रकात. सोनी त्या वेळेला कुठं गेलती काय माहीत, पाण्याला गेली असंल, ट्रक थांबला नाही. आई रस्ताभर रडायली. मी पण. बापानं घरी येऊन पाणीसुद्धा पेलं नाही, उलट पावली एसटीनं निघाला, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायची राहिलेली, खिशात नुसता जाण्यापुरता पैसा. तिसऱ्या दिवशी पोचला तर सगळ्या कोपी मोडलेल्या, पाचट पेटवलेलं, नुसतं काळं रान. आणि आमच्या चुलीचे तीन दगड राहिले होते, त्या दगडांपाशी सोनी बसलेली.

कंडक्टर कुत्रं घेईना. बाप गुळाच्या ट्रकमधून, कांद्याच्या टेम्पोमधून, मधी मधी पायी, असं करत सहाव्या दिवशी घरी आला. दोघांच्या पायाला फोड. आईनं आधी कुणाच्या पायाला तेल लावलं ते सांगत नाही.

उंडे_भज्जी

@बालाघाटी सर, हे वाचून मी बँकेत कॅश काउंटरवर बसून रडायलोय, समोर लाईन लागलीय.

हिमरू

आमच्या घरी कुत्रं आत येत नाही, कारण जिथं कुत्रं असतं त्या घरात फरिश्ते येत नाहीत असं मानतात, अम्मी नमाजच्या जागेजवळ त्याला फिरकूही देत नाही. तरी जुन्या औरंगाबादच्या आमच्या गल्लीतला लंगडा शेरू गेली नऊ वर्षं आमच्याच ओट्याखाली राहतो आणि अम्मी रोज मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजच्या, आधी त्याच्यासाठी वेगळ्या जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) ताटलीत सालन-रोटी ठेवते. हदीसमध्येच आहे की एका माणसानं तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून आपल्या बुटात पाणी भरून आणून पाजलं आणि त्याचे गुनाह माफ झाले. अम्मीला हा किस्सा पाठ आहे, आम्ही लहान असताना शेकडो वेळा ऐकवलाय. आत घेत नाही म्हणजे प्रेम नाही असं नसतं, एवढंच सांगायचं होतं. तुमच्या आईला माझा सलाम.

पांढरीचा_मास्तर

निवृत्त शिक्षक, वय ७४, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

तेरणाकाठ, तुमच्या मातोश्रींना हे वाचून दाखवा. शास्त्राप्रमाणं सुतक नात्याच्या माणसांचं असतं, त्यामुळं त्या बायका शब्दानं चुकीचं बोलल्या नाहीत. पण त्याच शास्त्रात श्राद्धाच्या दिवशी गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास काढल्याशिवाय पान वाढत नाहीत. महाभारतात धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार झाला नाही. नरसीचे नामदेव महाराज, म्हणजे तुमच्या आमच्या मराठवाड्यातलेच, कुत्र्यानं भाकरी पळवली तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. पैठणच्या नाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. आणि खंड्या हे नाव ठेवलंय म्हणजे घरात खंडोबा असणार. देवघरातल्या खंडोबाच्या टाकावर, म्हणजे पत्र्यावर उमटवलेल्या मूर्तीवर, घोड्याशेजारी कुत्रा बघा. देव ज्याला पायापाशी घेऊन बसलाय त्याच्यासाठी एका संध्याकाळी चूल पेटली नाही, यात चूक कुठं आली?

सह्याद्रीचा_वारा

खंडोबाचा कुत्रा आणि रायगडावरचा वाघ्या यांचा काही संबंध आहे का? त्या पुतळ्याबद्दल...

व्यवस्थापक

रायगडावरच्या समाधीबद्दल वेगळा धागा आहे, कृपया तिकडं. इथं एका आईचा प्रश्न चाललाय.

कारवानवाला

खंडोबाचं नाव निघालंच आहे तर, लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत मार्गशीर्षात घोडे, उंट, गाढवं यांच्याबरोबर कुत्र्यांचाही बाजार भरतो, कुणी बघितलाय का? आमची तीन पिढ्यांची कारवानी कुत्री. चाकूर तालुक्यातलं जानवळ यासाठी ओळखलं जातं. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट एकदम आत. ज्याच्या कानाला आणि शेपटीला लांब केस तो पश्मी. कर्नाटकात यालाच मुधोळ म्हणतात, २००५ साली पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ आहे, आमच्या आजोबांनी ते तिकीट फ्रेम करून ठेवलं होतं.

लोक विचारतात फ्लॅटमधी ठेवता येईल का. हात जोडून सांगतो, नका नेऊ. हे पळायसाठी जन्मलेलं जनावर आहे, परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. पूर्वी सशाच्या शिकारीला नेत, आता १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे, आता नुसतं रानात पळवायचं. माझी बिजली रोज सकाळी सोयाबीनच्या बांधावरून पळते तेव्हा चारी पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटलेले दिसतात.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर: बिजलीची आई गेली तेव्हा चूल पेटली होती, कारण घरात लहान लेकरं होती. पण आजोबा जेवले नाहीत.

परभणीचा

कारवानी भारीच, पण आमचा काळूसुद्धा पळतो हो. विशेषतः मटणाच्या दुकानाकडं.

काळीमाती

किल्लारीजवळचं आमचं गाव. मी कधी हे लिहिलेलं नाही, आज लिहितो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवले होते, सगळे दमून झोपलेले. पहाटे तीन छप्पन. मी तेरा वर्षांचा. कुत्री आधीपासून भुंकत होती असं आजही लोक सांगतात, मला काहीच ऐकू आलं नव्हतं, मी झोपलो होतो, आणि जाग आली तेव्हा तोंडात माती होती. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि वर माळवद, पिढ्यान्‌पिढ्यांची माती टाकून टाकून जड झालेलं. तेच अंगावर आलं. आई आणि धाकटा भाऊ गेले. मी, बाप आणि आजोबा राहिलो. आजोबा शेतातल्या आखाड्यावर झोपायला गेलते म्हणून.

आमचा मोत्या आजोबांबरोबर रानात होता. पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमधी आलो, मग नवीन गावात घरं मिळाली, जुन्या गावापासून तीनेक किलोमीटर. सरळ रस्ते, सारखी घरं. मोत्या रोज संध्याकाळी तिथून निघून जुन्या गावात जायचा आणि आमच्या ढिगाऱ्यावर बसायचा. आजोबा त्याला आणायला जायचे. रोज. बाप ओरडायचा, कशाला जाता, येईल त्याचं तो. आजोबा म्हणायचे, त्याला रस्ता सापडत नाही.

मोठेपणी मला कळलं की मोत्याला रस्ता चांगला माहीत होता. आजोबांना तिथं जाऊन बसायचं होतं आणि मोत्या हे निमित्त होतं. दोघं अंधार पडेपर्यंत बसायचे. नवीन घरात आजोबा कधी आईचं नावसुद्धा काढायचे नाहीत, पण मोत्याला तिथं सगळं सांगायचे, मी एकदा मागं मागं जाऊन ऐकलंय. सून कशी भाकरी थापायची ते सांगत होते.

मोत्या १९९९ ला गेला. आजोबांनी त्याला जुन्या गावातच पुरला, आमच्या घराच्या जागेवर. त्या दिवशी चूल पेटली नाही. घरात बाई नव्हतीच, बाप करायचा स्वयंपाक, तो म्हणाला आज नको.

गोदाकाठची

काही लिहायला सुचत नाहीये.

हिमरू

🙏

स्पष्ट_बोलतो

@काळीमाती, तुम्हाला नमस्कार. मी वर जे लिहिलं ते मागं घेत नाही, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, लेकरं रस्त्यानं निर्धास्त गेली पाहिजेत. पण "माणसाचं माणसाला" हे वाक्य मागं घेतो.

उंडे_भज्जी

आमच्याकडचं पण सांगतो, छोटंसंच आहे. लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते साल आठवत असेल सगळ्यांना. आम्ही घरात सहा माणसं आणि एक टॉमी. पाणी मोजून. आजी स्वतःच्या तांब्यातलं अर्धं पाणी टॉमीच्या वाटीत ओतायची आणि आम्ही ओरडलो की म्हणायची, तुम्ही तोंडानं मागता, त्यानं कुणाला मागावं? आजी गेली २०२१ ला, टॉमी त्याच्यानंतर तीन आठवड्यांनी. डॉक्टर म्हणाले किडनी. असेल.

येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, दरवर्षी शेतात जातो तेव्हा कोपीतल्या पांडवांना भज्जी-आंबील दाखवून झालं की एक उंडा (बाजरीच्या पिठाचा गोळा) बाजूला ठेवतो, आजीची सवय.

बालाघाटी

अवांतर होतंय, पण पिल्लांच्या मायेवरून आठवलं. २०२१ च्या डिसेंबरात माजलगावजवळच्या लवूळची बातमी देशभर गाजली होती, वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, माळवदावर न्यायची आणि तिथून पडून ती मरायची. शेवटी वनखात्यानं दोन वानरं धरून नेली. टीव्हीवाल्यांनी "बदला" म्हणून तिखटमीठ लावून दाखवलं. पण वानरं पिल्लाला छातीशी धरून बसतात हे मी आमच्या गावातपण बघितलंय, त्यांना ते लेकरूच वाटत असणार, फक्त पाजायचं कसं ते माहीत नाही. मला तरी त्यात बदला दिसला नाही.

जनावरांचा_डॉक्टर

मूळ प्रश्नावर येतो म्हणालो होतो, राहिलंच.

२०१५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तपासलं होतं की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यात बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत जे संप्रेरक काम करतं तेच. माणसानं वाढवलेल्या लांडग्यांत तसं सापडलं नाही, कुत्र्यांत सापडलं. तुमच्या आईनं त्याला वातीनं दूध पाजलं आणि तेरा वर्षं दोघं एकमेकांकडं बघत राहिले. आता ते बघणारे डोळे नाहीत, तर शरीराला दुखणारच. मी पंचवीस वर्षं हे काम करतोय, माझ्या टेबलावर कुत्रं गेलं की धिप्पाड शेतकरी, बैल विकताना ज्यांच्या डोळ्यात पाणी येत नाही ते, बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारता मारता थांबतात. किक बसत नाही त्यांची.

एक विचारतो, शेवटी काय झालं होतं? खाणं सोडलं होतं का?

तेरणाकाठ

डॉक्टर, शेवटचे आठ दिवस फक्त पाणी पीत होता, तोंडाला वास यायला लागला होता. इथल्या डॉक्टरांनी किडनी सांगितली, वय झालंय म्हणाले, दोनदा सलाईन लावलं.

आणि सगळ्यांनाच सांगतो. काल रात्री मी सगळे प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवले, दीड तास. मास्तरांचं वाचलं तेव्हा ती नुसती हं म्हणाली. सोनीचं वाचलं तेव्हा म्हणाली, त्या बाईनं आधी कुत्रीच्याच पायाला तेल लावलं असंल, नवऱ्यानं काय, सांगितलं असतं. काळीमातीदादांचं वाचताना माझाच आवाज गेला, मग ती म्हणाली थांब, पाणी पी, मग वाच. आणि संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, मी पण त्याला तुझ्या बाबांचं सांगायचे रं.

हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी रोज फोन करतो. जेवलीस का, बीपीची गोळी घेतली का, लाईट आहे का. बाबांचा विषय मी टाळायचो, तिला त्रास होईल म्हणून, आणि ती माझ्यासमोर टाळायची, मला त्रास होईल म्हणून.

काल "मी चुकले का" विचारलं नाही.

बालाघाटी

तुमच्या आईला सांगा, बरोबर ओळखलं त्यांनी. आधी सोनीच्याच पायाला.

काळीमाती

🙏 आईंना नमस्कार सांगा.

गोदाकाठची

आता दादा तुम्ही फोनवर बाबांचा विषय काढा. सुरुवात तुम्हीच करा, त्या करणार नाहीत.

कारवानवाला

आईंना दुसरं पिल्लू पाहिजे असेल तर सांगा, बिजली व्यालीय, पण कारवानी त्यांना झेपणार नाही, गावठीच बघा. आणि घाई नका करू.

तेरणाकाठ

घाई मी करत नव्हतोच, पण एक गोष्ट झालीय, डॉक्टरांना विचारायची म्हणून परत लिहायलो.

आईला भाकऱ्या थापताना शेवटची भाकरी जाड, बिनमिठाची, खंड्यासाठी करायची सवय. तो गेल्यावरसुद्धा हात थांबत नाही म्हणते, पीठच तेवढं घेतलं जातंय. ती भाकरी ती परसातल्या दाराबाहेर दगडावर ठेवायली. चार दिवसांपासून एक पांढरी कुत्री येऊन खाऊन जाती, एक कान फाटलेला, पोटाशी दूध दिसतंय म्हणजे कुठंतरी पिल्लं असणार. आई म्हणाली मला पाळायची नाही, नाव ठेवायचं नाही, घरात घ्यायचं नाही. पण काल भाकरी दुधात कुस्करून ठेवली होती असं शेजारच्या काकूंनी सांगितलं.

स्पष्ट_बोलतो यांच्या पुतण्याचं वाचल्यापासून डोक्यात आहे, हिला आणि पिल्लांना रेबीजची लस द्यायची तर कशी? अंगाला हात लावू देत नाही अजून.

जनावरांचा_डॉक्टर

आधी तिचा विश्वास बसू द्या, रोज एकाच वेळी एकाच माणसाच्या हातून खाणं. तिच्या दगडाजवळ आईंनी नुसतं बसायचं, बघायचं नाही तिच्याकडं, आपलं आपण काही तरी निवडत बसायचं. आठ-पंधरा दिवसांत जवळ येईल. मग तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुणाला तरी घरी बोलवा, भाकरी खाताना मागच्या मांडीत लस देता येते, दोन सेकंदाचं काम आहे. पुढं दरवर्षी. पिल्लांना रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, त्याच्या आधी दीड महिन्याच्या आसपास पार्व्हो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांची. पिल्लं दूध तोडेपर्यंत तिच्यापासून काढू नका, आणि दूध सुटल्यावर तिचं ऑपरेशन करून घ्या म्हणजे दर सहा महिन्यांनी पुन्हा तेच नको. पिल्लं कुठं आहेत ते शोधायला आईंनी जाऊ नये, पिल्लांजवळ गेलं की शांत कुत्रीसुद्धा चावते.

कांदा घातलेलं कालवण देऊ नका. दूध पाणी घालून पातळ करा.

स्पष्ट_बोलतो

लस दिली की गळ्यात रंगीत दोरी बांधा, गल्लीतल्या लेकरांना कळेल. खर्च काही लागला तर मला मेसेज करा.

तेरणाकाठ

सांगितलं आईला. आज दगडाजवळ शेंगा फोडत बसली होती म्हणे, संध्याकाळी. रविवारी गावाकडं चाललोय, पट्टा आणू का विचारलं तर नको म्हणाली, दोरी आण म्हणाली, लाल.

परभणीचा

लालच आणा, लांबून दिसती.